पिंपळगाव राजा ते लुंबिनी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा हे गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर ही येथली पिके. आणि ज्यांना शेत नाही त्यांना दुसऱ्याच्या शेतातली मजुरी. येथल्या मुलांची शाळेची सहल म्हणजे लोणारचे सरोवर, शेगाव, फार तर अजिंठा-वेरूळ. अशा गावाच्या सव्वीस मुलामुलींना घेऊन २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही नेपाळातील लुंबिनीला जाऊन आलो. दोन शिक्षक, एक शिक्षिका आणि समाजकार्यात लुडबुड करणारे आम्ही कारकून, असे चौघे मोठे बरोबर होतो. मुले सगळ्या समाजांची होती. निम्मीअधिक आपल्या वस्तीतली, बाकीची गावातली.

"परदेश" हा शब्द ऐकून बायाबापड्या आधी हसल्या. विमान नाही, पासपोर्ट नाही, मग परदेश कसला? पण माणशी साडेचार हजार रुपये म्हटल्यावर हसू मावळले. कोणी कापूस वेचणीचे पैसे बाजूला ठेवले, कोणी भिशी उचलली. एका आईने महिनाभर दुसऱ्याच्या शेतात जादा दिवस भरले. म्हणून सहलीचा हिशेब आम्ही पै-पैचा ठेवला. बी.कॉम. झाल्याचा तेवढा तरी उपयोग व्हावा!

कार्यक्रमात दोन गोष्टी होत्या. स्थळदर्शन आणि दोन सकाळी श्रमदान, म्हणजे लुंबिनीच्या परिसरातील सफाई. पालकसभेत हे वाचून दाखवताच मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. त्यांची नात नववीत, सहलीच्या यादीत तिचे नाव पहिले होते.

"भाऊ, एक इचारू का?" ते म्हणाले. "माह्या बापानं जल्मभर गावाचा खराटा मारला. बाबासाहेबायनं तो हातातून टाकाया लावला. बुद्धानं सुनीताच्या हातचा खराटा सोडवला, हे तुमीच तर विहारात वाचून दाखोता. आन् आता माह्या नातीच्या हाती तोच खराटा देयाले तिले परदेशात नेता?"

सभा गप्प झाली. आम्हीही गप्प झालो, कारण आजोबांचे म्हणणे खरे होते. राजगृहाचे रस्ते झाडणारा सुनीत तथागतांना पाहून संकोचाने बाजूला सरला आणि तथागतांनी त्याला संघात घेतले, ही कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम सांगितली आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना मेलेली ढोरे ओढण्यासारखी हीन लेखलेली कामे सोडायला सांगितले, ते उगाच नव्हे. आणि आम्हाला आमची स्वतःची शाळा आठवली. ती दुसऱ्या गावची. तेथे सकाळी वर्ग झाडायला नेमकी आमच्या वस्तीची मुले उठवली जात आणि माठात पाणी भरायला दुसरी. कोणी ते लेखी दिले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते.

शेवटी तोडही आजोबांनीच काढली. "समद्या पोरायनं हाती घेतला, मास्तरायनं घेतला, तुमी घेतला, तर माही नात बी घेईन. एकट्या आमच्याच लेकरायच्या हाती दिसला, तर मंग बोलू नोका."

ही अट आम्ही मान्य केली आणि सहलीच्या कागदावर लिहून घेतली.

नांदुऱ्याहून गाडी धरून भुसावळ, आणि भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेस. खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौ असा एक अख्खा दिवस आणि एक रात्र प्रवास करून गोरखपूर येते. तेथून बसने शंभरेक किलोमीटरवर सोनौली ही सीमा. एका कमानीखालून चालत गेले की देश बदलतो. मुलांना फार मोठे काही घडेल असे वाटले होते. घडले ते एवढेच, की घड्याळे पंधरा मिनिटे पुढे करावी लागली आणि आपला एक रुपया तिकडे एक रुपया साठ पैशांचा झाला. कॅलेंडरवर मात्र विक्रम संवत २०८० होते. "सर, आपण सत्तावन्न वर्षं पुढे आलो," असे एक पोरगा ओरडला, तेव्हा तपासणीचा शिपाईही हसला.

याच आठवड्यात, पण १९५६ साली, बाबासाहेब नेपाळात होते. काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत २० नोव्हेंबरला ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. दीक्षेला जेमतेम महिना झाला होता आणि शरीर थकले होते. सीमेवरच्या चहाच्या टपरीजवळ शिक्षिकाबाईंनी मुलांना हे सांगितले. मुले चहा हातात धरून ऐकत राहिली.

भैरहवा गावातून पश्चिमेला बावीसेक किलोमीटर गेले की लुंबिनी. भाताची सपाट शेते आणि थंडीतले धुके. डोंगर दिसेल ही मुलांची आशा फोल ठरली, कारण हा तराईचा मुलूख आहे. लुंबिनीचा परिसर मात्र फार मोठा आहे. जपानी वास्तुरचनाकार केंझो तांगे यांनी १९७८ साली त्याचा आराखडा पुरा केला. तीन मैल लांब आणि एक मैल रुंद जागा, मधोमध सरळ कालवा. कालव्याच्या एका बाजूला थेरवादी देशांचे विहार, दुसऱ्या बाजूला महायानी देशांचे. थायलंड, म्यानमार, श्रीलंका, चीन, कोरिया, जर्मनी, सगळे एकाच वाटेवर. उत्तर टोकाला जपानी भिक्खूंनी बांधलेला पांढरा शांतिस्तूप. जगाचा नकाशा पायी फिरल्यासारखे वाटते.

आम्ही एका विहारात उतरलो. तेथे जेवल्यावर प्रत्येकाने आपले ताट आपणच धुवायचे, असा नियम होता. बड्या शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा ताट घेऊन नळापाशी उभाच राहिला. त्याने जन्मात ताट धुतले नव्हते. त्याच्या मागे एक परदेशी म्हातारे भिक्खू आपले भांडे घेऊन रांगेत उभे होते. पोराने वळून पाहिले आणि मुकाट्याने घासायला लागला.

मायादेवी मंदिराची आजची पांढरी इमारत २००३ सालची. आत जुन्या विटांची खोदलेली जमीन आहे आणि लाकडी वाटेवरून चालत जावे लागते. जन्मस्थान दाखवणारा दगड काचेखाली ठेवला आहे. फोटो काढायला बंदी आहे, ते एका परीने बरेच. बाहेर पुष्करिणी तळे आहे आणि पताकांनी झाकलेला मोठा पिंपळ. त्याच्या बुंध्याला टेकून मुले म्हणाली, "हे आपल्या गावाच्या नावातलंच झाड!"

पण आमचे पाय थांबले ते अशोकस्तंभापाशी. हा स्तंभ १८९६ साली पुन्हा उजेडात आला. त्यावरचा ब्राह्मी लेख सांगतो, की राज्याभिषेकाला वीस वर्षे झाली तेव्हा सम्राट अशोक स्वतः येथे आला, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने वंदन केले, आणि या लुंबिनी गावाचा बळी नावाचा कर माफ करून धान्याचा सरकारी वाटा आठवा हिस्सा ठरवला. जगाच्या एवढ्या मोठ्या स्थळी राजाने काय कोरून ठेवले? गावच्या कष्टकऱ्याचा सारा कमी केला, हे. शेतमजुरांच्या मुलांना हा लेख समजावून सांगावा लागला नाही.

आता श्रमदानाचे सांगतो, आणि आमची चूकही सांगतो. पहिल्या सकाळी आम्ही गावाहून आणलेला कापडी फलक कालव्याकाठी धरला, सगळ्यांच्या हाती खराटे आणि पोती दिली आणि आधी फोटो काढला. तेथे रोज झाडणारी एक बाई बाजूला उभी होती. फोटो झाल्याबरोबर ती पुढे आली आणि हात पुढे करून म्हणाली, "फोटो हो गया? अब झाडू दे दीजिए."

तिचा राग नव्हता. तिला सवय होती. पाहुणे येतात, खराटा धरतात, फोटो काढतात, जातात; खरे झाडायचे ते तिलाच. आम्हाला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. फलक गुंडाळला तो गावी येईपर्यंत उघडला नाही. त्या दिवशी दोन तास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून, कालव्याकाठच्या वाटेवरचा प्लास्टिकचा कचरा आणि पाला गोळा केला. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या, म्हणजे कोणाच्या वाट्याला काय आले याला जातीचा वास नको. पहिली चिठ्ठी आमची निघाली. ताट न धुतलेला तो मुलगा आणि आजोबांची नात एका पोत्याला दोन बाजूंनी धरून चालत होते.

दुसऱ्या सकाळी त्या बाईशी मुलींची ओळख झाली. तिची मुलगीही नववीतच होती. तिच्या हातांना हातमोजे नव्हते. आमच्या मुलींनी खामगावहून घेतलेले आपले हातमोजे काढून तिला दिले. मग तिने सहज विचारले, "तुम लोग कौन जात हो?"

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. आजोबांची नात म्हणाली, "बौद्ध."

"वो कौन जात है?"

"जात नहीं है. जात हमने छोड़ दी."

बाई हसली. "छोड़ने से छूटती है?"

पोरीजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळही त्या क्षणी नव्हते. नेपाळात १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने शिवाशिवीला राज्याचा आधार दिला होता. १९६३ च्या नव्या ऐनने तो काढून घेतला. २०११ साली अस्पृश्यता पाळण्याविरुद्ध वेगळा कायदा झाला आणि २०१५ च्या संविधानातही तिला बंदी आहे. पण आपल्या अनुभवाने आपल्याला ठाऊक आहे, की कायदा दारापर्यंत येतो, घरात आणावा लागतो. ज्या भूमीत तथागत जन्मले, तेथे झाडणाऱ्या बाईला परक्या मुलीची जात आधी विचारावीशी वाटते, हे स्थळदर्शनाच्या कोणत्याही पुस्तकात नसते. मुलांनी ते पाहिले, म्हणून आम्ही म्हणतो की सहल पुरी झाली.

पुढे तिलौराकोटला गेलो. शाक्यांची कपिलवस्तू हीच, असे नेपाळात मानतात. भारतातल्या पिपरहव्याचाही दावा आहे. विटांच्या तटाजवळ बसून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या भांडणाची गोष्ट निघाली. युद्धाला नकार देऊन सिद्धार्थाने घर सोडले, असे बाबासाहेबांनी मांडले आहे. उन्हाळ्यात नळावर भांडणे पाहणाऱ्या आमच्या मुलांना ती गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची वाटली नाही. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा देऊन त्यांना त्याच्यापुढे वाकायला लावले, ही कथाही तेथेच सांगितली. ताटवाला मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांनीपण चिठ्ठी टाकली असती तरी चाललं असतं." सगळे हसले.

परतताना कुशीनगर. निजलेली तथागतांची मूर्ती पाहून गडबड करणारी मुलेही आपोआप हळू झाली. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांना दीक्षा देणारे भन्ते चंद्रमणी महाथेर याच कुशीनगरात राहात होते. परतीच्या गाडीत छठ आटोपून मुंबईला निघालेल्या मजुरांची एवढी दाटी होती, की मुंगीला शिरायला जागा नाही. आमच्या मुलांनी सरकून बसून त्यांच्या लेकरांना जागा दिली आणि त्यांच्या डब्यातले ठेकुए खाल्ले.

ज्यांना मुलांना न्यायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. मोठ्यांनी मतदार ओळखपत्र न विसरता घ्यावे. आम्ही मुलांसाठी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे फोटोसह दाखले आणि पालकांची संमतीपत्रे नेली होती. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. नोव्हेंबरात सकाळी चांगलीच थंडी असते, स्वेटर हवा. मोबाईल तिकडे चालेल या भरवशावर राहू नये. आणि श्रमदान करणार असाल, तर फलक घरी ठेवावा.

गावी आल्यावर आठवड्याभरात त्या सव्वीस मुलांनी सह्या करून मुख्याध्यापकांकडे एक अर्ज दिला. वर्ग झाडण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी, एवढीच मागणी. ती मान्य झाली.

नातीने त्या बाईचा प्रश्न घरी आजोबांना सांगितला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. आधी त्यांनी विचारले, "तुमी झाडलं का, भाऊ?" आम्ही हो म्हटले. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"सांगायचं होतं तिले," ते शेवटी म्हणाले, "का बाई, आपल्याले बी एका दिसात नाही सुटली. माह्या बापानं धरली, म्या सोडली, आन् हे पोरगी तर तुह्यासंग बसून आली."