आहेत त्याच चालू ठेवा

आमच्या गावच्या डॉक्टरांकडे औषध संपलं की बाटली धुऊन न्यावी लागायची. बाटली आपलीच असायची. कंपाउंडर तीत गुलाबी मिक्स्चर भरायचा आणि कातरलेल्या कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायचा. एक कातरा म्हणजे एक डोस. पट्टीवरचा शेवटचा कातरा उघडा पडला की आजी म्हणायची, ‘जा, भरून आण.’ चिठ्ठी नावाचा प्रकार तेव्हा आमच्या घरी नव्हता. डॉक्टरच औषध द्यायचे, तेच पैसे घ्यायचे, आणि कुणाला काय चाललंय हे त्यांच्या डोक्यात असायचं.

आजीची बोटं वाकडी होती. निर्गुडीचं तेल, विटेचा शेक, रुईची पानं हे सगळं झाल्यावर तिला बाटलीबरोबर एक पुडीही मिळायला लागली. तीत बारीक पांढऱ्या गोळ्या. त्या गोळ्यांनी आजी आठ दिवसांत उठून चुलीपुढे बसली. पुढच्या वर्षभरात तिचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला आणि आम्ही पोरं म्हणायचो, आजीला औषध मानवलं. पुडीवर नाव नव्हतं. आज मला जवळजवळ खात्री आहे की त्या स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. तेव्हा कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. पुढे एका पावसाळ्यात नदीला पूर आला, पुडी आणायला कुणाला जाता आलं नाही. पाच-सहा दिवस आजी अंथरुणातून उठली नाही, नुसती ओकत आणि घामेजत पडून राहिली. अशा गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, हळूहळू उतरवायच्या असतात, हे मला पुढे स्वतःवर वेळ आल्यावर कळलं.

ती वेळ १९९९ मध्ये आली. मी तेव्हा साताऱ्यात शाळेत शिकवत होते, वय चौतीस. सुरुवात खडूपासून झाली. सकाळच्या पहिल्या तासाला खडू बोटांत धरवेना, दुसऱ्या तासाला धरवायचा. मग कणीक. मग साडीची पिन. सकाळी तासभर हात कुणी पिठात बुडवून वाळवल्यासारखे. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी माझी बोटं एकेक करून दाबली, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि ‘आमवात’ हा आजीचाच शब्द वापरला. त्यांनी दिलेली चिठ्ठी मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचली. मेथोट्रेक्सेट दहा मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. फॉलिक अ‍ॅसिड, त्यानंतर दोन दिवसांनी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दोनशे, रोज. रक्ताची तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी, डोळ्यांचा पडदा अधूनमधून.

मी रविवार ठरवला. रविवारी मेथोट्रेक्सेटच्या पिवळ्या, मंगळवारी फॉलिक. रविवारची गोळी पेशींना फॉलिक अ‍ॅसिड वापरू देत नाही आणि मंगळवारची तेच फॉलिक अ‍ॅसिड परत पुरवते. एकीने केलेला त्रास दुसरी निस्तरते. पुढे कधीतरी वाचलं की या दोन्ही औषधांमागचं संशोधन अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत, एकाच माणसाच्या देखरेखीखाली झालं, आणि तो माणूस भीमावरमचा येल्लाप्रगडा सुब्बाराव. हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं. मंगळवारच्या गोळीला मी काही दिवस ‘रावसाहेबांची’ म्हणायचे.

पुण्याला दर दोन-तीन महिन्यांनी जायचं, डॉक्टर बोटं दाबायचे, रिपोर्ट बघायचे आणि म्हणायचे, ‘छान. आहेत त्याच चालू ठेवा.’ एवढं ऐकायला मी खंबाटकीचा घाट ओलांडून आलेली असायचे. पुढच्या भेटीपर्यंत तीच चिठ्ठी पर्समध्ये. चार घड्या घालून ठेवलेली, घडीवर फाटलेली, मागून सेलोटेप लावलेली. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांना ती पाठ होती. ते मला लांबून येताना बघायचे आणि मी दुकानाची पायरी चढेपर्यंत पाकिटं काउंटरवर आलेली असायची. नियम तसा सांगत नाही. डॉक्टरांनी ‘पुन्हा द्यावं’ असं लिहिलेलं नसेल तर शेड्यूल एचमधलं औषध एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं असतं. पण सगळ्या महाराष्ट्राचं रक्तदाबाचं आणि साखरेचं औषध ‘ओळखी’वर चालतं. माझंही तसंच चाललं होतं, आणि त्या ओळखीवर माझा चिठ्ठीपेक्षा जास्त विश्वास होता.

२०११च्या दिवाळीत काका आठ दिवस बाहेरगावी गेले. दुकान बंद. मी दुसऱ्या दुकानात गेले, चिठ्ठी दाखवली. काउंटरवरच्या मुलाने ती सेलोटेपमधून वाचली आणि पिवळ्या गोळ्यांची स्ट्रिप दिली. तेच नाव, तोच रंग. रविवारी मी नेहमीप्रमाणे चार गिळल्या. पुढच्या रविवारी पुन्हा चार.

बुधवारी तोंड आलं. गुरुवारी पाणीही गिळवेना. शुक्रवारी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी घसरलेल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, ‘स्ट्रिपवर आकडा काय आहे?’ आकडा दहा होता. काका मला नेहमी अडीचच्या गोळ्या द्यायचे, म्हणून चार. चिठ्ठीवर ‘दहा मिलिग्रॅम’ एवढंच होतं आणि त्या मुलाने दहाच्याच दिल्या होत्या. त्याच्या बाजूने सगळं बरोबर होतं. मी आठवड्याला दहाऐवजी चाळीस घेतले. पाच दिवस दवाखान्यात, ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं, आणि उशाशी बसलेले आमचे हे. काही बोलत नव्हते, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बारा वर्षं मुलांना प्रश्नपत्रिका नीट वाचा म्हणून सांगणाऱ्या बाईने स्ट्रिप वाचली नव्हती. चिठ्ठीही नव्हती वाचली. हाताला सवय झाली होती. आणि त्या मुलाला मी कोण, किती वर्षांची रोगी, एका वेळी किती गिळते, हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्याच्यापुढे एक फाटका कागद होता. डॉक्टर तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर गोळीचा आकडा, किती गोळ्या आणि वार, तीनही लिहितात, वार मराठीत. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं तेव्हा वर्तमानपत्रात त्यावर विनोद आले. मला हसू आलं नाही.

त्यानंतर कागदाविषयी माझं मत बदललं असं मी लोकांना सांगायचे. पण २०२० आलं.

२२ मार्चला जनता कर्फ्यू होता, रविवार. थाळ्या वाजून झाल्यावर मी माझ्या पिवळ्या घेतल्या. दोन दिवसांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं, म्हणजे एचसीक्यूचं, नाव घराघरात झालं. जे नाव मला वीस वर्षांत नणंदेलाही धड सांगता आलं नव्हतं, ते रिक्षावाल्यांच्या तोंडी. आयसीएमआरने ते कोरोनाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि रुग्णांच्या घरातल्या माणसांसाठी सुचवलं होतं. लोकांनी ते स्वतःसाठी सुचवलं असं धरलं. मी काकांना फोन केला.

‘बाई, एक स्ट्रिप नाही. ज्यांना कधी ताप आला नाही त्यांनी पाच-पाच नेल्या.’

‘माझ्यासाठी ठेवायची ना एखादी.’

‘ठेवली असती हो. मला काय माहीत असं होईल.’

२६ मार्चला सरकारने ते औषध शेड्यूल एच-वनच्या अटींखाली आणलं. म्हणजे दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. साठेबाजी थांबवायला हे बरोबरच होतं. पण साठा करणारे नेऊन मोकळे झाले होते आणि रजिस्टर आता माझ्यापुढे उघडलं होतं. जुनी चिठ्ठी चालेना. नवी चिठ्ठी पुण्यात, आणि लॉकडाऊनमध्ये साताऱ्याहून पुण्याला जायला पास. नशीब असं की त्याच सुमाराला डॉक्टरांना फोनवरून तपासून चिठ्ठी पाठवायची रीतसर परवानगी आली होती. आमच्या डॉक्टरांनी मोबाइलवर चिठ्ठी पाठवली. काकांनी ती चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचली, रजिस्टरात उतरवली आणि म्हणाले, ‘चिठ्ठी एकदम पक्की आहे बाई. आता गोळ्या आल्या की झालं.’

माझ्याकडे तेवीस उरल्या होत्या. मी डबीतून काढून वर्तमानपत्रावर मांडल्या आणि मोजल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या, जणू रात्रीतून वाढल्या असतील. डॉक्टर म्हणाले, हे औषध शरीरात आठवडे न् आठवडे टिकतं, दिवसाआड घ्या, लगेच काही होणार नाही. लगेच नाही झालं. जूनमध्ये उजव्या हाताची मधली दोन बोटं सुजली.

पण मला सांगायचंय ते एप्रिलमधलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची, सरकारी दवाखान्यात ड्यूटी, तिशीतली. तिने दारातूनच, मास्कमधून विचारलं, ‘काकू, तुमच्याकडे त्या एचसीक्यू असतात ना? आम्हाला पहिल्या दिवशी चारशे-चारशे दोनदा घ्यायला सांगितलंय. वॉर्डात पुरल्या नाहीत. चारच द्या, मिळाल्या की परत देते.’

सूचनेत जिच्यासाठी म्हटलं होतं, ती हीच होती. मी म्हटलं, ‘अगं, संपल्या गं माझ्यापण.’

ती ‘असू दे, असू दे’ म्हणाली आणि जिना चढून गेली. डबी माझ्या मागे फ्रिजवर होती. तेव्हा तिच्यात सोळा गोळ्या होत्या. पुढे इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जूनमध्ये आला की, दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णांना या औषधाचा काही फायदा होत नाही. ह्यांनी मला ती बातमी मुद्दाम वाचून दाखवली. त्याने काही फरक पडला नाही. एप्रिलमध्ये मला ते माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. ती सुखरूप आहे, आता बदली होऊन कराडला असते. संक्रांतीला तिचा मेसेज येतो. दरवर्षी मला वाटतं, या वेळी सांगावं.

गुडघ्याचं दुखणं नंतरचं. त्यासाठी डॉक्टर क्वचित, अगदीच असह्य झालं तर, ट्रामाडॉल लिहितात. २०१८च्या एप्रिलपासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. लेकीकडे पुण्यात असताना एकदा रात्री साडेनऊला मी स्वतःच चिठ्ठी घेऊन खाली उतरले. पहिल्या दुकानात ‘ठेवतच नाही’. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात माणसाने चिठ्ठी बघितली, मग मला बघितलं, चपलेपासून अंबाड्यापर्यंत. ‘कोणासाठी पाहिजे?’ मी म्हटलं, माझ्यासाठी. ‘एवढं दुखतंय तर चालत कशा आलात?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चालत आले नसते तर म्हणाला असता, पेशंटला घेऊन या. दुखण्याचा हाच घोळ आहे. रिपोर्टात सूज दिसते, झीज दिसते, दुखणं दिसत नाही, आणि फार नीटनेटकं दिसलेल्या बाईला दुखत असेल यावर लोकांचा विश्वास बसत नाही. त्या माणसालाही दोष देववत नाही. त्या गोळीपायी वाया गेलेली पोरं त्याने पाहिली असतील, आणि इन्स्पेक्टर हिशोब त्याच्याकडे मागतो. त्याने शेवटी पाच गोळ्या दिल्या, स्ट्रिप कापून.

लेकीने मग मला ऑनलाइनला लावलं. तिथे जुनी चिठ्ठी टाकली की एका अनोळखी डॉक्टरांचा फोन येतो. ‘नाव? वय? काही त्रास?’ मी पहिल्यांदा सविस्तर सांगायला घेतलं, १९९९ पासून. ते म्हणाले, ‘ओके, सेमच कंटिन्यू करतो.’ चाळीस सेकंदं. आमच्या डॉक्टरांचंच वाक्य, पण बोटं न दाबता. तिसऱ्या महिन्यात डब्यातून दुसऱ्याच कंपनीच्या गोळ्या निघाल्या, आकार वेगळा, रंग फिका. कंटेंट तोच. मी आकडा तीनदा वाचला, ह्यांना वाचायला लावला आणि तरी त्या रविवारी घेतल्या नाहीत.

आता मी पुन्हा कोपऱ्यावर जाते. काकांनी गल्ला मुलाकडे दिलाय. तो माझाच विद्यार्थी, सातवी ब, अक्षर भयंकर. दुकानात कॉम्प्युटर आला तरी त्याच्याकडून मी एक गोष्ट करून घेते. स्ट्रिप कापायच्या आधी त्याने ती मोठ्याने वाचायची. गर्दी असली तरी. सुरुवातीला तो लाजायचा, मागची माणसं वैतागायची. परवा शनिवारी एचसीक्यू पुन्हा शॉर्ट होती, ‘वरूनच येत नाही, मंगळवारी बघा’ म्हणाला. पिवळ्या होत्या. त्याने स्ट्रिप उजेडात धरली, चिठ्ठी शेजारी ठेवली आणि वर्गात उभं राहिल्यासारखा पाठ ताठ करून म्हणाला, ‘मेथोट्रेक्सेट. अडीच मिलिग्रॅम. चार गोळ्या. फक्त रविवारी.’ मग माझ्याकडे बघून, ‘बाई, बरोबर?’

मी चष्मा लावला आणि स्ट्रिप मागितली.