घर चाललंय... बॅटरीवर!

अमेरिकेच्या नकाशावर अ‍ॅरिझोना शोधा. फिनिक्स सापडलं की आय-१० हा हायवे धरा आणि सरळ पश्चिमेला सुटा. साधारण दोन तास दोन्ही बाजूंना उंचच उंच सग्वारो निवडुंग, तांबूस डोंगर आणि भलंमोठं आकाश. कॅलिफोर्नियाची हद्द वीसेक मिनिटांवर राहिली की एक गाव लागतं, क्वार्ट्‌झसाइट. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा इथे चिटपाखरू दिसत नाही. गावची पक्की वस्ती दोन-तीन हजारांची. पण जानेवारीत या, बॉस! कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या पडतात ना, तशी इथल्या खऱ्याखुऱ्या वाळवंटात चाकांवरची घरं येऊन थांबलेली असतात. व्हॅन, ट्रेलर, कॅराव्हॅन आणि पोरांना शाळेत पोचवून रिटायर झालेल्या पिवळ्या स्कूल बस. सीट काढायच्या, पलंग टाकायचा, ओटा बांधायचा, की झालं घर. अशा बसचं इथलं लाडकं नाव ‘स्कूली’.

ऑफिसच्या कृपेने माझं दोन महिने फिनिक्सला ऑनसाइट पडलं आणि त्यातला एक लाँग वीकेंड मी इथे काढला. कारण माझी मावसबहीण आणि जिजाजी. दोघांनी वर्षभर खपून एक स्कूली तयार केली आहे. ओटा झाला, कपाटं झाली, देवांसाठी छोटा कोनाडासुद्धा झाला. ताईची नोकरी रिमोट आहे, त्यामुळे हिवाळाभर बसमधूनच काम करायचं असा प्लॅन. अडलं होतं एकाच गोष्टीवर, ती म्हणजे बॅटरी.

प्लग नाही, मग घर कसं?

गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचं सरकारी माळरान आहे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं ते सांभाळतं. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परमिट काढून तिथे खुशाल राहायचं. पाण्याचा नळ आहे, सांडपाणी सोडायची सोय आहे, पण विजेचा प्लग नाही. जनरेटरही रात्री १० ते सकाळी ६ बंद. म्हणजे रात्रभर घर चालतं ते दिवसा साठवलेल्या विजेवर.

बसमध्ये बॅटऱ्या असतात दोन जातींच्या. एक इंजिन स्टार्ट करणारी. ती चार सेकंद प्रचंड करंट देते आणि मोकळी होते. दुसरी घरची, म्हणजे हाउस बॅटरी. तिला दिवे, फ्रिज, पंखा, लॅपटॉप असा संसार तासन्‌तास ओढायचा असतो. पहिलीला दुसरीचं काम दिलं तर ती लवकरच मान टाकते. अशा दोन-चार घरच्या बॅटऱ्या एकत्र जोडल्या की झाली बॅटरी बँक.

आता हा सगळा हौसेचा मामला वाटेल. ताईकडे तसा नाही. जिजाजींना लहानपणापासून टाइप वन डायबेटिस आहे. इन्शुलिनचा साठा २ ते ८ डिग्रीत राहायला हवा. तापला तरी वाया, गोठला तरी वाया. म्हणजे त्या बसमधला फ्रिज ही चैन नव्हे. तो बंद पडला, तर आइस्क्रीम वितळलं म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही.

आधी बिल, मग बॅटरी

दुकानात शिरण्याआधी ताईने कागद-पेन घेतलं. फंडा सोपा आहे. आपल्या वीजबिलावर जे ‘युनिट’ असतं ते म्हणजे १००० वॉट-अवर. बसचं रोजचं बिल असं निघालं: १२ व्होल्टचा फ्रिज अर्धा युनिट. लॅपटॉप ६० वॉटचा, आठ तास, म्हणजे तोही जवळपास अर्धा. सॅटेलाइट इंटरनेट ०.६. छतावरचा पंखा ०.२. दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल मिळून आणखी ०.२. मिक्सर नावापुरता. बेरीज दोन युनिट. स्वयंपाक गॅसवर, कुकरच्या शिट्ट्यांसकट.

दोन दिवस ढग आले तर? मग साठवण हवी चार युनिटची. आता तुलना बघा.

शिशाच्या म्हणजे लेड-अ‍ॅसिडच्या बॅटऱ्यांमध्ये इथे गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टवाल्या लोकप्रिय आहेत. एक साधारण २२५ अँपिअर-अवरची, म्हणजे १.३५ युनिट. पण त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर तिचं आयुष्य भराभर घटतं. चार युनिटसाठी सहा नग, प्रत्येकी २८ किलोंच्या घरात. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १.२८ युनिट आणि त्यातली ८० टक्के बिनधास्त वापरता येते. चार नगांत काम होतं, तेही प्रत्येकी बारा किलोंच्या आसपास.

वजनाचं कौतुक मात्र बसवाल्यांनी फार करू नये. मुळात कित्येक टनांचं धूड, त्याला शंभर किलोंनी काय फरक पडतो?

आजोबांचा क्लास

क्वार्ट्‌झसाइटची खरी गंमत म्हणजे इथे सल्ल्याला तोटा नाही. कुणाच्याही दारात खुर्ची टाकून बसा, तो आपली बॅटरी बँक उघडून दाखवतो. मिनेसोटाहून दर हिवाळ्याला येणारे एक आजोबा शिशाच्या बॅटऱ्यांचे पक्के भक्त. महिन्यातून एकदा झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर घालतात. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या घरी बाबा रविवारी हेच करायचे, हे मी सांगितल्यावर आजोबा जाम खूश!

ते म्हणाले, “शिशाची बॅटरी म्हाताऱ्या माणसासारखी. आधी दिवे मंद होतात, पंखा रेंगाळतो, मग तुम्हाला कळतं. लिथियम काही बोलत नाही. शेवटपर्यंत ठणठणीत आणि मग एकदम अंधार.”

मुद्दा अगदी खरा आहे. लिथियम बॅटरीच्या पोटात बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम नावाचं एक सर्किट असतं. चार्ज फार उतरला, करंट फार ओढला किंवा तापमान बिघडलं तर ते पुरवठा तोडतं. हे बॅटरीच्या भल्यासाठीच असतं, पण फ्रिजला त्याचं काय?

शेजारच्या स्कूलीतल्या मुलीने उलटी बाजू मांडली. शिशाची बॅटरी वरचेवर पूर्ण १०० टक्के चार्ज व्हावीच लागते. अर्धवट राहिली की प्लेटवर सल्फेटचा थर कडक होत जातो. शेवटचे २० टक्के भरायला तर तासन्‌तास लागतात आणि हिवाळ्यात ऊन असतं किती? लिथियमला अर्धपोटी राहायला काहीच हरकत नसते. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजनही सोडते, त्यामुळे ती पलंगाखाली बंद खोक्यात ठेवायची सोय नाही. या लिथियमची चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं मात्र हजारांत मोजतात.

जाता जाता एक अभिमानाची गोष्ट. लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा १९९७चा गाजलेला शोधनिबंध टेक्सासमधल्या जॉन गुडइनफ यांच्या लॅबमधला. त्यावर त्यांच्याबरोबर नावं आहेत अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंदस्वामी या आपल्या लोकांची. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९चं नोबेल विभागून मिळालं, वयाच्या ९७व्या वर्षी!

तिकिटं की बॅटरी?

लिथियमवर एकमत झालं आणि मग खरा पेच आला. नावाजलेल्या कंपनीचे चार नग आणि साध्या कंपनीचे चार नग यांच्या किमतीतला फरक होता पुण्याच्या दोन परतीच्या तिकिटांएवढा. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात ठरलंय. ताई काहीच बोलली नाही, फक्त कागदावर ती रक्कम दोनदा गिरवली. जिजाजी म्हणाले, “तिकिटं काढ. माझं मी बघतो.” त्यावर ताई भडकली, “तुझं तू काय बघणार? इन्शुलिन उशाशी घेऊन झोपणार आहेस का?”

वाद मिटवला तो ब्रँडने नाही, मांडणीने. बँक कितीही मोठी आणि महागडी असली तरी तिचा मेन फ्यूज उडाला की सगळंच बंद. म्हणून फ्रिजचं घरच वेगळं करायचं. साध्या कंपनीच्या चारपैकी तीन बॅटऱ्या बसच्या संसाराला. चौथी फक्त फ्रिजची, तिचं पॅनल वेगळं, चार्ज कंट्रोलर वेगळा. एक आजारी पडली तर दुसरीवरून वायर ओढता येते. मात्र चारही नगांत एक अट पक्की ठेवली: थंडीत चार्जिंग आपोआप बंद व्हायला हवं. शून्याखाली चार्ज केली तर लिथियम बॅटरी आतून कायमची बिघडते आणि उत्तरेला फ्लॅगस्टाफकडे गेलं की शून्याखालची रात्र नेहमीचीच. म्हणून बॅटऱ्या बसच्या आत, पलंगाखाली.

पॅनलचा हिशोबही तसाच. बॅटरी म्हणजे टाकी आणि सोलर म्हणजे नळ. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या सोसायटीत राहिलेल्यांना हे सांगायला नको. नळाला धार नसेल तर मोठी टाकी काय कामाची? जानेवारीत छतावर आडव्या ठेवलेल्या ६०० वॉटच्या पॅनलमधून इथे दिवसाला साधारण दीड-पावणेदोन युनिट हाती येतात. ते संसाराला. फ्रिजला वेगळं २०० वॉटचं.

शिवाय शेवटचा उपाय बिनविजेचा! पाण्यात भिजवून वापरायची कापडी थैली. पाणी उडतं, आतलं इन्शुलिन गार राहतं. हा तर आपला माठच झाला. वाळवंटातल्या कोरड्या हवेत तो झक्कास चालतो, कोकणातल्या दमट हवेत तेवढा नाही. वापरात असलेलं बहुतेक इन्शुलिन ३० डिग्रीच्या आत साधारण २८ दिवस टिकतं, त्यामुळे तेवढ्यात गावात पोचायला भरपूर वेळ मिळतो.

उंटवाल्याचं गाव

बॅटरीतून डोकं बाहेर काढलंत तर गावच्या दफनभूमीत जरूर जा. हाजी अली म्हटलं की आपल्याला मुंबईचा दर्गा आठवतो. इथेही एक हाजी अली आहे! अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर १८५६ मध्ये तो आला. स्थानिकांच्या तोंडी त्याचं नाव झालं ‘हाय जॉली’. १९०२ मध्ये तो वारला आणि १९३५ मध्ये त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड उभारला गेला, माथ्यावर तांब्याचा उंट. आपला साठा अंगावर घेऊन चालणाऱ्या प्राण्याचं स्मारक याच गावात असावं, हे सही वाटलं मला.

तुमच्याही डोक्यात मिनीबसचं घर घोळतंय? मग आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीला हात लावू नका. नवी-जुनी बॅटरी एकत्र जोडू नका. इंजिनच्या अल्टरनेटरवरून लिथियम चार्ज करायची तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घाला, नाहीतर अल्टरनेटर तापून बसेल. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. आणि सगळ्यात आधी घरातली कुठली गोष्ट बंद पडून चालणार नाही, ते ठरवा. तिची बॅटरी वेगळी. बाकीच्यांनी अंधारात गप्पा मारायला काय हरकत आहे?

ताईने जूनची तिकिटं काढली आहेत. दोन.