अडीच सेकंदांचा पेपर

होस्टेलवर क्रिकेटवर भाषण ठोकणारे पन्नास मिळतील, अमेरिकन फुटबॉल बघणारा मी एकटाच. त्यामुळे मेसमध्ये माझं ऐकायला कुणी थांबत नाही. आता कागदावर सापडलात, तर ऐकाच.

या खेळात पास रशर नावाचा गडी असतो. क्वार्टरबॅकने बॉल फेकायच्या आत त्याला गाठायचं, हे त्याचं मुख्य काम. बॉल हातात असतानाच त्याला मागच्या मागे पाडलं की झाली सॅक. वेळ जेमतेम अडीच-तीन सेकंद, आणि वाटेत दीडशे किलोच्या घरातला लाइनमन उभा!

कॉलेजातून असा पोरगा निवडायचा कसा? त्यासाठी दरवर्षी 'कम्बाइन' नावाची चाचणी होते. चाळीस यार्ड पळा, जागेवरून उडी मारा, २२५ पौंडांचा बार छातीवरून जमेल तितक्या वेळा उचला. २००८ मध्ये व्हर्नन घोल्स्टनने तो ३७ वेळा उचलला. आधीच्या मोसमात ओहायो स्टेटकडून त्याच्या १४ सॅक होत्याच. न्यूयॉर्क जेट्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. तीन मोसम, ४५ सामने, सॅक किती? शून्य. भोपळा! उलट टेरेल सग्ज. २००२ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेटकडून २४ सॅकचा विक्रम, पण चाळीस यार्ड पळायला जरा जास्त वेळ लागला म्हणून लोकांनी नाकं मुरडली. २००३ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर उचललं, आणि गडी १३९ सॅक करूनच थांबला.

तरी ताकद आणि सॅक मोजता येतात. 'याला मनापासून खेळायचंय का' हे कशाने मोजणार? जडेव्हियन क्लाउनीचं बघा. साउथ कॅरोलायनाकडून २०१२ मध्ये १३ सॅक, २०१३ मध्ये फक्त तीन. लगेच बोलबाला झाला, पुढचा करार डोळ्यापुढे ठेवून अंग चोरतोय. समोरचे संघ त्याच्यावर दोन-दोन माणसं घालत होते, बॉल मुद्दाम दुसऱ्या बाजूने नेत होते, हे आकड्यात कुठून दिसणार? २०१४ मध्ये ह्यूस्टनने त्याला सगळ्यात आधी निवडलं, आणि पहिल्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन. २०२४ पर्यंत एकाही मोसमात त्याच्या दहा सॅक झाल्या नाहीत. पण बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवण्यात तो वस्ताद. आता त्याला आळशी म्हणायचं की काय, मला तरी ठरवता येत नाही.

जाणकार कोच म्हणे टेपच बघतात. शेवटच्या क्वार्टरमध्ये, बॉल पार पलीकडे गेलेला असताना हा पोरगा मागे पळतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? मला हे पटतं, पण त्याला सामन्यामागून सामने बघायचा पेशन्स लागतो राव. दहा मिनिटांच्या ओरलमध्ये तो कुठून यायचा?

माझा रूम पार्टनर दर शुक्रवारी रात्रीची एसटी पकडतो. वडील आजारी आहेत, शेताचं बघायला दुसरं कुणी नाही. सोमवारी पहाटे परत येतो आणि पहिल्या लेक्चरला डुलक्या देतो. 'हुशार आहे, पण सिरियस नाही,' हा शेरा त्याला तीन सेमिस्टर मिळतोय. गेल्या आठवड्यात अ‍ॅप्टिट्यूडमध्ये तो आमच्या विंगमध्ये पहिला आला. परवा त्याचा इंटरव्ह्यू आहे. टाय माझा नेतोय.