शाहूंच्या बावड्यात वाचनाचा धडा

कोल्हापुरात उतरलो की आमचे पाय आधी बिंदू चौकाकडे वळतात. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे येथे १९५० साली उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. दोन्ही महामानवांना वंदन करून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयतांनी कसबा बावड्याची के.एम.टी. बस धरली. निमित्त घरगुती होते. आमची धाकटी बहीण तेथे राहते. तिचा मुलगा पाचवीत. "दादा, वहिनीला घेऊन एकदा या. पोरगं वाचायचं नाव काढंना," एवढाच तिचा निरोप होता.

बावडा आता शहरात मिसळला आहे, पण त्याचे गावपण गेलेले नाही. छत्रपती राजाराम साखर कारखाना, भोवती ऊस, आणि पलीकडे पंचगंगा. नदीवरचा राजाराम बंधारा पावसाळ्यात साऱ्या जिल्ह्याच्या तोंडी असतो. पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर गेले की धोका. २०१९ आणि २०२१ चे महापूर येथील माणसे विसरलेली नाहीत. बहिणीच्या घरी पाऊल ठेवताच भाच्याने आम्हाला हीच माहिती घडाघडा सांगितली. फूट, तारखा, कुठल्या गल्लीत किती पाणी आले, सगळे तोंडपाठ. या मुलाला 'ढ' कोण म्हणेल? पण वर्गात त्याला तेच नाव पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन आम्ही लक्ष्मी विलास पॅलेस पाहायला गेलो. २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म येथे झाला. ज्या राजाने १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून आपली मुले सर्वांच्या शाळेत बसवली, त्या राजाची ही जन्मभूमी. आम्ही भाच्याला म्हटले, "बाळा, एवढा फलक वाच बघू." त्याने एका दमात म्हणून दाखवले, "राजर्षी शाहू महाराज!" आम्ही सुखावलो. मग आमच्या घरच्यांनी त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "हा कुठला?" मुलगा गप्प. बोट पुढच्या शब्दावर गेले. तरीही गप्प. त्याने वाचले नव्हते, पाठ म्हटले होते.

बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. शाहू महाराजांनी मूल शाळेच्या दारापर्यंत आणले. पण दारातून आत गेलेले मूल पाच वर्षांनी अक्षराविना राहत असेल, तर त्या कायद्याचे पुण्य अर्धेच पदरात पडते. आणि हे एका घरचे दुखणे नाही. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. मार्च २०२० पासून कोरोनाने शाळा बंद पडल्या. ज्यांच्या घरात मोबाईल नव्हता, त्यांची अक्षरओळख तेथेच तुटली. ऊस तोडायला आईबापांच्या मागे अर्धे वर्ष फिरणाऱ्या मुलांची तर दरवर्षीच तुटते. ही मुले कोणाची आहेत, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

रात्री जेवणे झाल्यावर घरात चर्चा निघाली. मेहुणे वैतागून म्हणाले, "त्याच्या डोक्यातच नाही." तेव्हा आम्हाला चूळपंथकाची आठवण झाली. भगवान बुद्धांच्या संघातला हा भिक्खू चार महिन्यांत एक गाथा पाठ करू शकला नाही. नवी ओळ शिकावी तर आधीची विसरायची. सख्ख्या थोरल्या भावाने त्याला विहारातून निघून जायला सांगितले. तो रडत उभा असताना तथागतांनी त्याला जवळ घेतले, हाती एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ते हाताने चोळत 'रजोहरणं' एवढा एकच शब्द म्हणायला सांगितला. वस्त्र मळत गेले, आणि मळ म्हणजे काय, अनित्य म्हणजे काय, हे त्याला उमगत गेले. कथेतले चमत्कार आपण बाजूला ठेवू. मुद्दा हा की, तथागतांनी शिष्य बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली. शाळेच्या भाषेत ज्याला उपचारात्मक अध्यापन म्हणतात, त्याचा गाभा हाच.

पहिले काम पातळी मोजण्याचे. बंधाऱ्यावर फूट मोजल्याशिवाय पुराचा अंदाज येत नाही. मुलाचेही तसेच. कितवीत आहे ते विसरायचे. पाठ झालेले पुस्तक बाजूला ठेवून आधी सुटी अक्षरे, मग साधे शब्द, मग दोन ओळी, मग छोटी गोष्ट वाचायला द्यायची. जेथे अडेल तेथून सुरुवात. आमच्या भाच्याला निम्मी अक्षरे येत होती. घ आणि ध, भ आणि म यांत घोटाळा होता, आणि काना सोडला तर बाकीच्या खुणा परक्या होत्या. बाराखडी मात्र तो गाण्यासारखी म्हणत होता!

दुसरे काम थोड्या अक्षरांत शब्द करण्याचे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस दलित वस्तीतील मुलांसाठी वर्ग सुरू केला. पुढे त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने मराठी वाचन शिकवण्याची पद्धत घडवली. सगळी मुळाक्षरे संपेपर्यंत थांबायचे नाही. मोजकी अक्षरे आणि एखादी खूण घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायला लावायचे. आम्ही तेच केले. क, म, न, र, ल, घ आणि काना, एवढ्यात घर, नाक, कान, मका, काका, मामा होतात. आणि रमा होते! जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागे अक्षरे लिहून पत्ते केले. ताटात रवा पसरून बोटाने घ आणि ध गिरवले. भ आणि दीर्घ वेलांटी आली त्या दिवशी त्याने 'भीम' स्वतः जुळवले आणि पत्ता घेऊन शेजारीपाजारी दाखवून आला.

तिसरे काम मुलाचे बोलणे कागदावर आणण्याचे. तो सांगेल ते जसेच्या तसे लिहायचे आणि त्यालाच वाचायला द्यायचे. "आमच्या दारात पाणी आलतं." शुद्ध-अशुद्ध नंतर पाहू. घरची बोली गावंढळ ठरवली की मूल आधी तोंड मिटते आणि मग पुस्तक.

चौथे, रोज अर्धा तास, न चुकता. मार नाही, टोमणा नाही, बहिणीशी तुलना नाही. एवढे करूनही काही महिन्यांत हालचाल दिसली नाही, तर डोळे आणि कान तपासून घ्यावेत. काही मुलांना अध्ययन अक्षमता असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. त्यात लाज कसली?

आम्ही आठ दिवसांनी निघालो. मग हे चालवले कोणी? बारावीत शिकणाऱ्या आमच्या भाचीने. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने पुढे वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना 'बालसखी' म्हणून मागे पडलेल्या मुलांसाठी नेमले. मुंबई आणि बडोद्यातील या कामाची अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी कसून परीक्षा घेतली आणि मुलांची प्रगती सिद्ध केली. त्या दोघांना २०१९ साली नोबेल मिळाले. मोठी पदवी लागत नाही, माया आणि नियम लागतो. तसल्या बालसख्या आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

'ढ'बद्दल एक सांगायचे राहिले. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीतला ढ पाहा. बाकीची अक्षरे बदलत गेली, ढ मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून न बदलणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणतात, असे सांगतात. आम्ही भाच्याला म्हटले, "बावीसशे वर्षे टिकलेले अक्षर आहे ते. त्याला नावे ठेवू नये."

फेब्रुवारीत माता रमाईच्या जयंतीला पुन्हा बावड्याला गेलो. त्याच फलकासमोर उभे राहिलो. यावेळी त्याने घाई केली नाही. बोट धरून वाचले, "रा... ज... षी." थांबला. डोक्यावरच्या रफाराकडे पाहिले. "न्हाई मामा, र हाय वर. राज...र्षी." मग शाहू, मग महाराज. जोडाक्षरे अजून अडतात, वेळ लागतो. पण आता तो वाचतो.

आपल्या विहारात संध्याकाळी वंदना झाल्यावर दिवा तासभर अधिक जळू द्या. बाबासाहेबांनी दिलेला पहिला शब्द 'शिका' हा आहे. तो ज्याला अजून वाचता येत नाही, ते मूल शोधायला आपल्या शेजारच्या घरापासून सुरुवात करू या.

जय भीम!