चिकाटीला मुदत हवी

चि. सोनूस,

यंदाही नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत एमबीबीएसला नंबर लागला नाही आणि तुला अजून एक वर्ष ड्रॉप घ्यायचा आहे, हे ताईकडून कळलं. तुझे बाबा म्हणतात आता पुरे. तुझ्या बाजूचे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं उदाहरण देऊन सांगतात, जिद्द सोडू नकोस. तू पुन्हा बसावंस असंच मलाही वाटतं. पण त्या उदाहरणाचा जो अर्थ लावला जातोय तो मला पटत नाही. निर्णय बरोबर असला तरी तो चुकीच्या कारणाने घेतला की पुढे जड जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माहेरच्या कमला भागवत 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या गुणवत्ता यादीत अव्वल होत्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. त्या हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा प्रयोगशाळेत काम करायचं, आणि तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. यातली शेवटची अट वाचताना आजही संताप येतो. तरी त्या वर्षात त्यांनी मार्गदर्शक श्रीनिवासय्यांच्या हाताखाली काम केलं, रामन यांचं समाधान झालं, त्यांना नियमित प्रवेश मिळाला आणि पुढे त्या संस्थेत इतर मुलींनाही वाट मोकळी झाली. 1939 मध्ये त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली, तीही जेमतेम चाळीस टंकलिखित पानांच्या प्रबंधावर.

आता तुझ्याकडे बघ. कमलाबाईंना नकार देणारा एक माणूस होता आणि त्याच्या नकाराचं कारण स्पष्ट होतं. ते कारण कामाने खोटं पाडता येत होतं. तुला नकार देणारं कोणी नाही. 2024 साली नीटला 23 लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याच वर. त्यातल्या खाजगी कॉलेजांच्या फिया आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरच्या. म्हणजे नंबर न लागलेल्यांत चांगले डॉक्टर होऊ शकणारी मुलं हजारोंनी असणार, हे साधं गणित आहे. त्यामुळे हा निकाल तुझ्या लायकीवरचा शेरा नाही. पण त्याच कारणाने नुसत्या निर्धारापुढे तो वाकणारही नाही.

मग कमलाबाईंकडून घ्यायचं काय? मला त्या पहिल्या वर्षाची आखणी महत्त्वाची वाटते. अट अपमानाची होती, पण त्या वर्षाला शेवट होता आणि शेवटी काय तपासलं जाणार हेही ठरलेलं होतं. नीटमध्ये नेमकं हेच नाही. इंजिनिअरिंगच्या जेईईला किती वेळा बसायचं याला बंधन आहे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही नाही. मुलांना ही सवलत वाटते, मला ती काळजीची गोष्ट वाटते, कारण थांब असं तुला कोणी सांगणार नाही. क्लासवाले तर नाहीच नाही. म्हणून मुदत तुलाच घालावी लागेल.

यावर तू म्हणशील, आधीच मुदत ठरवणं म्हणजे मनातून हरणं. तसं मला वाटत नाही. बी.एस्सी.चा किंवा बीएएमएसचा पर्याय हाताशी असलेली मुलगी परीक्षेच्या हॉलमध्ये कमी घाबरते, आणि भीती इथे थेट गुण खाते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. अंदाजाने ठोकलेली वीस उत्तरं चुकली तर वीस गुण जातात, आणि त्या गर्दीत तेवढ्याने हजारो क्रमांक खाली जायला होतं. बाबांचं म्हणणं वेगळं आहे, वर्ष वाया जातं. साडेपाच वर्षांच्या शिक्षणापुढे एक वर्ष फार नाही, हे मी त्यांना सांगेन. पण मागच्याच वह्या, तोच क्लास, तेच वेळापत्रक असेल तर मात्र त्यांचं बरोबर आहे. जिद्दीने यशस्वी झालेल्यांचीच नावं आपल्यापर्यंत पोचतात, हा त्यांचा मुद्दाही खरा आहे. तेवढीच जिद्द करून राहून गेलेल्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही. म्हणूनच उदाहरणांपेक्षा तुझे स्वतःचे पेपर जास्त बोलतील.

तेव्हा आधी दोन्ही वर्षांच्या उत्तरपत्रिका आणि मॉक टेस्ट काढ. 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे. ते किती पडले आणि भौतिकशास्त्रात किती गेले, हे वेगवेगळं मांड. चुकलेल्या प्रश्नांत विषयच न कळलेले किती, वेळेअभावी घाईत गेलेले किती आणि अंदाजाचे किती, हेही लिही. घाईचे आणि अंदाजाचे जास्त निघाले तर एका वर्षात फरक पडेल, आणि मी बाबांशी स्वतः बोलेन. विषयच कळलेले नाहीत असं निघालं तर त्याच क्लासला पुन्हा पैसे भरू नकोस, आधी शिकवणारा बदल. जानेवारीच्या मॉकमध्ये किती गुण हवेत तो आकडा आत्ताच कागदावर लिहून आईजवळ दे. आणि बी.एस्सी.चा फॉर्म या आठवड्यात भर, त्याची तारीख चुकवू नकोस.

तुझी,
मावशी