आधी माठ, मग बाप्तिस्मा
लक्ष्मीबाई टिळक यांना अनावृत पत्र

नौपाडा, ठाणे (पश्चिम)

आदरणीय लक्ष्मीबाई,



नौपाड्यात पुस्तकांची आवड असलेल्या घरी जावं आणि कपाटात तुमचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ नसावं, असं सहसा होत नाही. गोखले रोडच्या दोन्ही अंगांना आता जुन्या चाळी आणि वाडे जाऊन टॉवर आले, घरं लहान झाली, पुस्तकं रद्दीत गेली, तरी तुमचं पुस्तक बहुतेकांनी ठेवलेलं आहे. लोक ते मनापासून वाचतात. सासऱ्यांचा जाच, तुमच्या नवऱ्याचा, कवी टिळकांचा, विक्षिप्तपणा, तुमची फजिती आणि ती सांगण्यातला तुमचा मोकळेपणा, हे सगळं इथल्या बायकांना आपल्याच घरातलं वाटतं. पण पुस्तकाचा पुढचा भाग निघाला की बोलणं आखडतं. “मग पुढे ते ख्रिस्ती होतात,” एवढ्या वाक्यात तुमची उरलेली छत्तीस वर्षं आटोपतात. मला तुमच्याशी बोलायचं आहे ते त्याच वर्षांबद्दल.

मी मराठी ख्रिस्ती आहे. आजोबा राहुरीकडचे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. वागळे इस्टेटीत कारखाने उभे राहिले तेव्हा ते कामासाठी ठाण्यात आले आणि आम्ही नौपाड्यातले झालो. तुमचं कुटुंब काही काळ राहुरीला होतं, त्यामुळे आमच्या घरात तुमचं नाव पुस्तकाआधीपासून घेतलं जाई. टिळकांची पहिली शाळाही इथून जवळच, कळवा-मुंब्र्यापलीकडे कल्याणात, 1869 ते 1873. म्हणून तुम्हाला लिहिताना दूरच्या कुणाला लिहिते आहे असं वाटत नाही.

शेजारच्यांना आम्ही कळत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ख्रिस्ती म्हणजे फ्रॉक, केक, गिटार आणि इंग्रजी, हे चित्र सिनेमानं घरोघरी पोचवलं. नाताळात आमच्याकडून करंज्या, चकल्या आणि शंकरपाळ्यांचं ताट गेलं की पहिल्यांदा राहायला आलेल्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसतं. माझ्या आईच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती, हातात बांगड्या होत्या. “मग तुम्ही ख्रिश्चन कशावरून?” असं एका बाईंनी तिला जिन्यात विचारलं होतं. विचारण्यात खवचटपणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. आई हसून वर गेली. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला, आणि वय वाढलं तसा मोठा होत गेला. ख्रिस्ती कशावरून?

आमच्या चर्चच्या मंडळीत याचं उत्तर तयार असतं. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव आहे, दृढीकरण झालं आहे, प्रभुभोजन घेतो, वर्गणी भरतो, रविवारी हजर असतो. मी यातलं काहीच हलकं मानत नाही. रविवारी ‘उपासना संगीत’ उघडून टिळकांचं पद म्हणताना मला जे बळ मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. पण वहीतलं नाव हे उत्तर झालं असतं तर आमच्या विवाह-जाहिरातींत अजून मूळ जात कशाला विचारली गेली असती? एकाच वेदीपाशी गुडघे टेकणारी दोन घरं सोयरीक जुळवताना आजोबांच्या आजोबांची आळी शोधत बसतात, हे मी जवळून पाहिलं आहे, आणि ते पाहताना मला तुमची आठवण येते.

कारण तुमच्या बाबतीत सगळा क्रम उलटा होता. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी दोन वर्षं, 1893 मध्ये, नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला होता आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते खिळून राहिले होते. त्यांचा रस्ता पुस्तकातून गेला. तुमच्यासाठी तो बाप्तिस्मा म्हणजे घरावर कोसळलेली दरड होती. तुम्ही पंढरपूरला राहिलात, झुरलात, वर्षानुवर्षं वेगळ्या राहिलात. पुढे लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन टिळकांकडे आलात तेव्हाही तुमची चूल आणि तुमचं पाणी वेगळं होतं. ख्रिस्ती नवऱ्याजवळ राहायचं, पण विटाळ होऊ द्यायचा नाही. ज्या मुलीच्या वडिलांनी सोवळ्याचं इतकं वेड घेतलं की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे, तिनं याहून वेगळं काय करावं?

आणि मग एके दिवशी तुम्ही स्वतःलाच विचारलंत, जात देवानं केली की माणसानं? पाद्रीबुवांनी विचारलं नव्हतं, टिळकांनी वाद घातला नव्हता. तुम्ही एकटीनं विचार केलात, माणसानंच केली असं तुमच्या मनानं घेतलं, आणि मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं ठरवून मोकळ्या झालात. बाप्तिस्मा झाला तो नंतर, 1900 मध्ये. माझ्या मते तुम्ही ख्रिस्ती झालात ते हे ठरवलंत त्याच दिवशी. वहीला ते उशिरा कळलं. ज्या बाईच्या अंगात पिढ्यांचं सोवळं मुरलेलं, तिनं दुसऱ्याच्या माठातलं पाणी ओठाला लावायचं म्हणजे तिच्या शरीरानंच आधी नको म्हटलं असणार. मनानं मानलेली गोष्ट घशाखाली उतरवणं ही केवढी मोठी झुंज आहे, हे आमच्या मंडळीतल्या प्रवचनांत मला क्वचितच ऐकायला मिळतं.

त्याच झुंजीची दुसरी बाजू पंडिता रमाबाईंकडे दिसते. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वॉन्टेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारात खटका उडाला. रमाबाई मांसाहार करीनात, क्रुसावर लॅटिन अक्षरं घालीनात, संस्कृत का नको म्हणून विचारीत, आणि न पटलेलं मत निव्वळ चर्च सांगतं म्हणून मान्य करीनात. सिस्टरना त्यात अहंकार दिसला. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. त्याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून उपाशी मुली-बायका गोळा करून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, त्यांना छापखाना चालवायला शिकवलं, माग शिकवला, अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. क्रुसावर कोणती अक्षरं होती हे त्या मुलींपैकी कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

ठाण्याला तर श्रद्धेचा फार जुना आणि फार मोठा पुरावा लाभलेला आहे. 1321 मध्ये याच गावात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. तलावपाळीवर सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळापासूनचं, आणि सेंट जेम्स चर्चचं समर्पण 1825 मध्ये बिशप हेबर यांच्या हातून झालं. या इतिहासाचा मला अभिमान आहे. पण हुतात्म्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला एक सोयीची सवय लागते. आपल्यावर तशी वेळ आली तर आपणही टिकू, असं तो मनाशी धरून चालतो, आणि ती वेळ येत नाही म्हणून निवांत राहतो. आज नौपाड्यात माझं मस्तक कुणी मागत नाही. मागितलं जातं ते फार थोडं असतं, आणि ते द्यायला आम्ही कांकू करतो.

कपाचंच बघा. नौपाड्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत, खिडकीच्या जाळीत किंवा सिंकच्या कोपऱ्यात, एक कप वेगळा ठेवलेला असतो. कान तुटलेला, नक्षी उडालेली, कधी जुन्या सेटमधला एकटाच उरलेला. तो कामवाल्या बाईंचा. त्या सकाळी येतात, घरातली सगळी भांडी घासतात, त्यातच आमचे कप, बश्या, ताटं येतात, आणि मग चहा पितात त्या त्या कपातून. तो त्यांचा त्याच विसळतात आणि पुन्हा जाळीत ठेवतात. तो कुणी मुद्दाम नेमून दिलेला नसतो. “आमच्याकडे तसलं काही नाही हो, सहज ठेवलाय,” असं सगळेच म्हणतात. लक्ष्मीबाई, असा कप ख्रिस्ती घरांतही आहे. क्रुसाच्या तसबिरीखाली आहे. ज्यांच्या आजी-आजोबांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं, त्यांच्या नातवंडांच्या ओट्यावर आहे. मला याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही. हा राग शेजाऱ्यांपेक्षा आम्हा लोकांवर जास्त आहे, कारण आम्ही दर महिन्याला एकाच प्याल्यातून पिण्याचा विधी करतो.

तुम्ही माठापाशी थांबला नाहीत, म्हणून तर तुमच्याकडे यावंसं वाटतं. नगरला प्लेग आला तेव्हा माणसं आपल्या माणसांना टाकून पळत होती, आणि तुम्ही प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करायला राहिलात. काल-परवापर्यंत ज्यांची सावली चुकवायची, त्यांचं अंग पुसायचं. परकी मुलं घरी आली, वाढली. टिळकांना पैशाचं भान नव्हतं, त्यात त्यांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवणारा. ही कल्पना मला अजूनही धीट वाटते. पण दरबाराला येणाऱ्यांच्या पानात काय वाढायचं, ही काळजी घरात कुणाच्या वाट्याला आली असेल हे सांगायला नको. आणि हे सगळं लिहिताना तुम्ही स्वतःला संत केलं नाहीत. राग, रुसवे, भांडणं, भीती, जसं होतं तसं मांडलंत. साक्ष द्यायला उभं राहिलं की आमची माणसं आधी आपण किती पापी होतो आणि आता किती बदललो हे सजवून सांगतात. तुमच्या पुस्तकात कुठेही सजावट नाही. खरं बोलणं हाही विश्वासाचाच भाग, हे मी तुमच्याकडून शिकले.

आमच्याकडे अगदीच अंधार आहे असं समजू नका. आमच्या मंडळीतल्या एक बाई, नाव सांगितलेलं त्यांना आवडणार नाही, आठवड्यातून एकदा सरकारी रुग्णालयात जातात. पिशवीत नेलकटर, कंगवा, खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि जुन्या सुती साडीचे तुकडे. ज्या म्हाताऱ्यांकडे कुणी येत नाही त्यांची नखं त्या कापतात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. एका आजोबांच्या पायाची नखं इतकी जाड झाली होती की आधी कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवावे लागले. मग बाईंनी पाय मांडीवर घेतला, फडका खाली पसरला आणि एकेक नख दोन-तीनदा करून कापलं. तासभर लागला. आजोबांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, पाऊसपाण्याचं बोलले. बाईंनी धर्माचा शब्द काढला नाही, हातात पत्रक दिलं नाही, प्रार्थना करू का असंही विचारलं नाही. निघताना पायाला तेल चोळलं, हात धुतले, पुढच्या खाटेकडे वळल्या.

हे मी आवर्जून लिहिते आहे, कारण हल्ली आमच्या प्रत्येक बऱ्या कामाकडे संशयानं पाहिलं जातं. दवाखाना काढला तरी, शाळा काढली तरी, मागे काहीतरी डाव असणार असं बोललं जातं. तुमचे लोक धर्म बदलून काय मिळवतात, असा प्रश्न मला भाजीच्या रांगेत विचारला गेला आहे. मी तुमचंच नाव घेते. लक्ष्मीबाईंना काय मिळालं? माहेर दुरावलं, नातेवाईक तुटले, अब्रू गेली, आणि हाती आली ती प्लेगच्या रोग्यांची सेवा. ‘स्मृतिचित्रे’ घरात असलेल्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं, निदान नौपाड्यात तरी पुरतं.

तुम्हाला आणखी एक कळवायचं आहे. येत्या नाताळच्या तयारीच्या आठवड्यांत आमच्या महिला मंडळात ‘स्मृतिचित्रे’तला माठाचा आणि छावणीचा भाग मोठ्यानं वाचायचं मी ठरवलं आहे. वाचून झालं की कपाचा विषय काढणार आहे. दोघी-तिघींनी आताच कुरकुर केली, सणाच्या दिवसांत कशाला कटुता म्हणाल्या. मी त्यांना समजावून सांगते आहे, पण विषय मागे घेणार नाही. वाचायला त्यांच्यातल्याच एकीला बसवणार आहे, आवाज तिचा चांगला आहे.

तुमची,
नौपाड्यातली एक वाचक