कुत्रं अचानक मेलं, तर तळ्याचं पाणीही बघा



आज पिकावर नाही, कुत्र्यावर लिहितोय. आपल्या लातूर-सोलापूरकडं बऱ्याच वस्त्यांवर कारवान कुत्रं असतं. ही जात मूळ शिकारीची, सशामागं पळणारी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, पण कारवानाचं पळणं काही बंद झालं नाही. आता ते रानडुकरं हुसकावतं, रात्रीची राखण करतं. उन्हातनं पळून आलं की समोर दिसेल त्या पाण्यात तोंड घालतं. आणि आता शिवारात समोर दिसणारं पाणी म्हणजे शेततळं.

मागच्या ऑक्टोबरात आमच्या शिवारातलं एक उमदं कारवान असंच गेलं. दुपारी धडधाकट होतं. मग लाळ, उलटी, पाय लटपटले, झटके आले आणि दिवस मावळायच्या आत खेळ संपला. मालकानं सरळ बांधकऱ्याचं नाव घेतलं, यानंच विष घातलं म्हणून. जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र कुत्र्याच्या छातीवरचे केस बाजूला करून वाळलेला हिरवट थर दाखवला आणि विचारलं, "हे कुठल्या पाण्यात उतरलं होतं?" तळ्यावर जाऊन बघितलं, तर वारा जिकडं वाहत होता त्या कोपऱ्यात हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखी साय जमलेली. प्रयोगशाळेत काही तपासलं नाही, त्यामुळं शंभर टक्के ठाम कुणी बोलू शकत नाही. पण बांधकऱ्यावर आळ घ्यायलाही पुरावा नव्हता. त्या दोन घरांचं बोलणं अजून नीट सुरू झालेलं नाही.

ही साय म्हणजे निळं-हिरवं शेवाळ. कृषीवाल्या मंडळींना नाव ओळखीचं आहे. भातात नत्र देणारं, अझोलाच्या पानात राहणारं, ते याच कुळातलं. सगळंच विषारी नसतं. पण यातल्या काही जाती विष तयार करतात. एक विष यकृतावर जातं, दुसरं मज्जातंतूंवर. दुसऱ्या प्रकारात कुत्रं तासाभरातही जाऊ शकतं. हे नवीन नाही. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराबद्दल लिहिलंय. तिथं हे पाणी पिऊन मेंढरं, घोडी, डुकरं, कुत्री मेली होती. कुत्र्याला चार-पाच तास पुरे झाले, अशी त्यांची नोंद आहे. २०२० मध्ये बोत्स्वानात तीनशेच्या वर हत्ती मेले, तेव्हाही तिथल्या सरकारनं पाणवठ्यातल्या या शेवाळाच्या विषाकडंच बोट दाखवलं.

कुत्र्याला धोका जास्त, कारण ते नुसतं पाणी पीत नाही. पाण्यात उतरतं, अंगाला साय लागते आणि बाहेर येऊन तेच अंग चाटतं.

ओळखायचं कसं? काठी घाला. लांब दोऱ्यासारखं काठीला गुंडाळून वर आलं, तर ते बहुतेक साधं शेवाळ. काठीला नुसता रंग लागला, तर सावध व्हा. दुसरं, हातमोजे घालून काचेच्या बरणीत ते पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. हिरवं तळाला बसलं तर बहुतेक दुसरं काही. वर तरंगून कडं धरलं, तर निळं-हिरवं असण्याची शक्यता मोठी. विष आहे की नाही हे बरणी सांगत नाही. म्हणून शंका आली की जनावर लांब ठेवायचं.

उन्हाळ्यात तळं आटत आलं की, आणि पावसानंतरच्या ऑक्टोबर हिटमध्ये जास्त लक्ष द्या. साचलेलं पाणी, ऊन, आणि वाहून आलेलं शेणखत नि डीएपी, एवढं त्याला पुरतं. म्हणून उकिरडा आणि गोठ्याचं सांडपाणी तळ्याच्या वरच्या अंगाला नको. तळ्याला कुंपण असू द्या. प्लॅस्टिकच्या अस्तरावरनं कुत्रं घसरतं, त्यासाठीही ते लागतंच.

मोरचूद टाकून लगेच जनावर पाजू नका. शेवाळ मरताना आतलं विष पाण्यात सोडतं. आणि पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून हे विष जात नाही.

कुत्र्यासाठी सोपं काम एकच. रानात सावलीला रोज ताज्या पाण्याचं घमेलं ठेवा, सोडायच्या आधी पाजा. तरीही ते हिरव्यात उतरलं, तर चाटायच्या आत हातमोजे घालून स्वच्छ पाण्यानं खळखळून धुवा. उलटी, लाळ, लटपट, झटके, यातलं काहीही दिसलं की सरळ डॉक्टर गाठा. याला उतारा औषध नाही, डॉक्टर लक्षणांवरच उपचार करतात, म्हणून वेळ महत्त्वाचा. ताक, तूप, मीठपाणी पाजत बसू नका. तळ्याचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

हेच पाणी शेरडं-गुरंही पितात आणि आपली पोरंही त्यात डुंबतात. उद्या मोटार चालू करायला गेलात की तळ्याच्या चारी कोपऱ्यांना एक चक्कर मारा, काठी घेऊन. आणि कुणाचं कुत्रं अचानक गेलं, तर कुणाचं नाव घ्यायच्या आधी पाणी बघा.